एका गुणाचे काका

पनवेलहून सुटलेली सकाळची सीएसएमटी लोकल खांदेश्वरला येते तोवर खिडक्या गेलेल्या असतात. चौथी सीट मात्र मिळते, आणि ती पटकावणाऱ्याच्या तोंडावर जो विजयाचा भाव असतो तो निदान पुढच्या स्टेशनापर्यंत टिकायला हरकत नसते. आमचे युनोकाका तो तेवढाही टिकू देत नाहीत.

"बसलात? छान. आता सांगा, पाच रुपयांत, बिनपासपोर्ट, बिनव्हिसा मानसरोवरला नेणारी जगातली एकमेव रेल्वे कोणती?"

नवखा गोंधळतो. रोजचे डोळे मिटून घेतात. काकांना दोन्ही चालतं. पुढचं स्टेशन मानसरोवर हे उत्तर ते स्वतःच देतात आणि मग खऱ्या मानसरोवराकडे वळतात. तिबेटात, समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरच्या वर. यात्रा २०२० पासून बंद होती, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. एवढं सांगून झालं की तर्जनी वर करून म्हणतात, "हे विचारतील."

कोण विचारणार, हे त्यांना कुणी विचारत नाही. काकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. तरी ते लोकलचा पास काढतात, बेलापूरपर्यंत जातात, तिथे उतरून फलाट बदलतात आणि परत येतात. भाजी आणायला माणूस जसा पिशवी घेऊन निघतो तसे हे वही घेऊन निघतात. फरक इतकाच, की यांची पिशवी भरलेली जाते आणि रिकामी होऊन येते.

सोसायटीच्या पाटीवर त्यांचं खरं नाव रंगवलेलं आहे, पण ते कुरिअरवालाही वाचत नाही. तो खालून हाक मारतो, "युनो आहेत का वर?" कामोठ्याच्या बाजूचा इस्त्रीवाला, खांदा कॉलनीतला दूधवाला, सगळ्यांच्या वहीत 'युनो' याच नावाने हिशेब आहे. काकांची याला ना नाही. फक्त एकदा म्हणाले, "संस्थापक सदस्य ५१ होते. त्यात भारत होता, स्वतंत्र नसताना. २४ ऑक्टोबर १९४५. हे विचारतात."

ती वही मी जवळून पाहिली आहे. शंभर पानी, खाकी कागदाचं कव्हर, वर रबर. आत रकाने: देश, राजधानी, चलन, खंड, शेरा. नीट पाहिलं तर राजधान्या पेन्सिलने लिहिलेल्या आहेत. याला कारण डिसेंबर १९९१. काकांच्या पहिल्या वहीत सोव्हिएत संघाला एक ओळ आणि मॉस्को ही एक राजधानी होती, दोन्ही पक्क्या शाईत. त्या महिन्यात त्या एका ओळीचे पंधरा देश झाले. काकांनी रात्र जागून पंधरा ओळी आखल्या. त्या वेळी लेनिनचा पुतळा पाडला म्हणून कुणी हळहळलं, कुणी पेढे वाटले. काकांचं दुःख निराळं होतं: पान संपलं होतं. पुढे १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन झाले, तेव्हापासून राजधान्या पेन्सिलने.

चलन तरी स्थिर राहील अशी त्यांची समजूत होती, म्हणून तो रकाना पेनाने चालू ठेवला. मग १ जानेवारी २००२ उजाडली. मार्क, फ्रँक, लिरा, पेसेटा, सगळं मोडीत निघून बारा देशांत एका दिवसात युरोच्या नोटा आल्या. चलनाचाही रकाना पेन्सिलीवर आला. आता शाईने लिहिलेला रकाना एकच उरला आहे, तो 'खंड'.

कझाकस्तानची ओळ पाहण्यासारखी आहे. अल्मा-अता. खोडलं. १९९७ ला राजधानी उत्तरेला अकमोलात गेली, दुसऱ्या वर्षी तिचंच नाव अस्ताना झालं. खोडलं. २०१९ मध्ये नूरसुलतान. खोडलं. २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना. या ठिकाणी कागदाला आता भोक पडलेलं आहे आणि त्यातून पलीकडच्या पानावरचं केनियाचं नैरोबी दिसतं. काकांना राजकारणी माणसाचा राग येत नाही; पण ज्याने एका शहराला पाच वर्षांत दोनदा खोडरबर लावायला लावलं त्याच्याविषयी मात्र ते एकदा 'हे बरं नव्हे' एवढं म्हणाले होते. ते त्यांचं मी ऐकलेलं एकमेव मत.

हाच काकांचा विशेष. त्यांना माहिती आहे, मत नाही. आमच्या डब्यात हे प्रमाण बरोबर उलटं आहे. रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या फेब्रुवारीत बेलापूर येईपर्यंत आमच्या डब्यात तीन शांतता करार झाले, एक अणुबॉम्ब पडला आणि पुतीन यांना दोघांनी सल्ला दिला. त्यातल्या कुणालाच युक्रेन नकाशावर दाखवता आलं नसतं. शेवटी कुणीतरी काकांकडे वळून म्हणालं, "तुम्ही बोला काका, चूक कुणाची?" काका म्हणाले, "राजधानी कीव. नदी निपर. चलन हिरव्निया. सूर्यफुलाच्या तेलाच्या निर्यातीत जगात पहिला." डबा हसला. पुढच्या महिन्यात किराणावाल्याकडे सूर्यफूल तेलाच्या पिशवीचा भाव ऐकून त्याच हसणाऱ्यांपैकी एकजण मला म्हणाला, "काय हो, काका हे आधीच बोलले होते ना?" काका भाव वाढेल असं काहीच बोलले नव्हते. पण साऱ्या डब्यात कामाचं वाक्य तेवढंच होतं.

घरीही तोच कारभार. काकू म्हणतात, "यांना आमटीत मीठ बरोबर झालंय का विचारलं तर सांगतात, मिठाच्या उत्पादनात गुजरात पहिला." मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट तर काकू प्रत्येक हळदीकुंकवाला सांगतात. कांदेपोहे झाले, मोठ्यांनी विचारलं, "काय मग, मुलगी पसंत आहे का?" काकांनी विचारलं, "मुलगी मूळची कुठली?" "महाडची." "महाड," काका म्हणाले, "चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७." मोठ्यांनी तो होकार धरला. काकूंचं म्हणणं, त्या होकाराला अजून दुजोरा मिळालेला नाही.

ही सवय लागली कुठून? काकांच्या उमेदीची वर्षं लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत गेली. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्राच्या बातम्या, संध्याकाळी दूरदर्शनच्या, मध्ये 'लोकराज्य'चा अंक आणि मित्राकडून आणलेलं मनोरमा इयर बुक, परत देण्याच्या बोलीवर आणलेलं. पूर्वपरीक्षा ही त्यांच्यासाठी परीक्षा नव्हतीच. चार पर्याय आणि एक गुण, याहून सुखाचं जग त्यांनी पाहिलेलं नाही. पूर्व दरवेळी निघायची. अडायची ती मुख्य. कारण त्या काळी मुख्य परीक्षा लेखी, सविस्तर. एका वर्षी निबंध आला: संयुक्त राष्ट्रसंघ यशस्वी की अयशस्वी, आपले मत मांडा. काकांनी पुरवण्या लावून लिहिलं. सनद सॅन फ्रान्सिस्कोत २६ जून १९४५ ला झाली. सुरक्षा परिषदेत कायम सदस्य पाच, नकाराधिकार त्यांनाच. बाकीचे दहा दोन-दोन वर्षांसाठी. अधिकृत भाषा सहा. न्यायालय हेगला, आरोग्य जिनिव्हाला, शेती रोमला, युनेस्को पॅरिसला, अणुऊर्जा व्हिएन्नाला, टपाल बर्नला. आणि टपालाची संघटना १८७४ ची, म्हणजे आईपेक्षा लेक वयाने मोठी. सगळं बरोबर. फक्त यशस्वी की अयशस्वी, ते कुठेच नाही. परीक्षकाने काय गुण दिले ते काका सांगत नाहीत, पण युनो हे नाव त्या निबंधानंतर मित्रांनी पाडलं आणि ते खांदेश्वरपर्यंत सोबत आलं.

शेवटी एका निमसरकारी कार्यालयात कारकुनी धरली. दैव असं, की २०१२ पासून आयोगाने मुख्य परीक्षेचेही बहुतेक पेपर बहुपर्यायी केले. तेव्हा काकांचं वय कधीच उलटून गेलं होतं. ती बातमी त्यांनी कापून वहीत चिकटवली आहे. आता २०२५ पासून मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली, तेही कात्रण शेजारी आहे. दोन कात्रणांच्या मध्ये शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही.

२००० साली टीव्हीवर 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हा सगळी वस्ती काकांच्या मागे लागली. त्यातच पहिला करोडपती निघाला तो आपला मराठी मुलगा, हर्षवर्धन नवाथे, आणि तोही नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करणारा. मग तर शेजाऱ्यांनी काकांच्या घरचा फोनच ताब्यात घेतला. काकांनी दोन भाग पाहिले आणि नकार दिला. कारण काय? "त्यात प्रेक्षकांचं मत घेतात. राजधानीला मत कशाला?"

तुलनेचं मात्र त्यांना वेड आहे, आणि इथे हा रुक्ष माणूस अचानक रंगतो. माझ्या मुलीला शाळेत सरोवरांचा प्रकल्प होता. बैकाल जगातलं सगळ्यात खोल, १,६४२ मीटर. मुलीने आकडा लिहिला, तिला त्याचं काही वाटलं नाही. काकांनी विचारलं, "कळसूबाई केवढी?" १,६४६ मीटर. "मग बैकालच्या तळावर कळसूबाई ठेवली तर?" मुलीने वजाबाकी केली. चार मीटर पाण्याबाहेर. "म्हणजे अख्खा डोंगर बुडेल," काका म्हणाले, "आणि पाण्यावर राहील ते फक्त देवीचं देऊळ. शिड्यासुद्धा बुडाल्या." ती पोर आठवडाभर सायबेरियातल्या त्या देवळाची चित्रं काढत होती. तिच्या वर्गशिक्षिकांनी विचारलं, हे कुठलं बेट? तिने नीट समजावून सांगितलं.

किनारपट्टीचंही असंच. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, महाराष्ट्राचा ७२०, हे आपण सगळ्यांनी घोकलं. अलीकडे सरकारने तो नव्याने मोजला आणि देशाचा आकडा एकदम ११,०९८ किलोमीटरवर गेला, आपला ८७७ च्या वर. डब्यात एकाला वाटलं, सिडकोने भराव टाकला. काकांनी खिशातून दोरा काढला. खरंच काढला, त्यांच्या खिशात दोन पेनं, खोडरबर आणि दोरा असतो. मोबाइलवरच्या नकाशात उरणची खाडी मोठी करून दाखवली आणि दोरा वळणावळणाने फिरवला. जेवढा नकाशा मोठा तेवढी वळणं जास्त दिसतात, तेवढा दोरा जास्त लागतो. पूर्वी लहान प्रमाणाच्या नकाशावर मोजलं, आता मोठ्या प्रमाणाच्या. समुद्र तिथेच, दगड तिथेच. "जमीन इंचभर वाढली नाही. मोजपट्टी बारीक झाली." एवढं नीट सांगितल्यावर गप्प बसावं की नाही? पण त्यांनी दोरा गुंडाळता गुंडाळता बर्नच्या टपाल संघटनेचं स्थापना वर्ष विचारलं आणि मिळवलेलं सगळं घालवलं.

सोसायटीत पार्किंगवरून दोन बिऱ्हाडांचं वाजलं होतं. जागा नऊ, गाड्या चौदा. एकाने आपल्या जागेवर कुंड्या मांडल्या, दुसऱ्याने कुंड्यांवर गाडी घातली. दोघेही काकांकडे आले. काका म्हणाले, हेगच्या न्यायालयात पंधरा न्यायाधीश असतात आणि तिथे दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय खटला चालत नाही. दोघांनी संमती दिली. काकांनी तासभर ऐकून घेतलं. कोण बरोबर, कोण चूक, यावर चकार शब्द नाही. मग आदर्श उपविधींचं पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं: जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्यात. बारा वर्षं त्या सोसायटीत भांडणं झाली, पोलीस चौकी झाली, एकाने नगरसेवक आणला. पुस्तक कुणी उघडलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकल्या. कुंड्यावाल्याला जागा मिळाली नाही. तो आता काकांशी बोलत नाही, आणि काकांच्या ते लक्षात आलेलं नाही.

पण काकांची खरी परीक्षा झाली ती व्हॉट्सॲपवर. सोसायटीच्या ग्रुपवर दर पंधरवड्याला युनेस्को काहीतरी जाहीर करते. आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरल्याचा निरोप तर इतक्यांदा आला, की युनेस्कोला दुसरा धंदा नाही असं वाटावं. खुद्द युनेस्कोने असं काही केलेलं नाही असं सांगून किती वर्षं झाली. काका दरवेळी उत्तर टाकतात: "युनेस्को. पॅरिस. स्थापना १९४५. राष्ट्रगीतांची स्पर्धा घेत नाही." खाली हात जोडल्याची सात चिन्हं येतात, पुढच्या पंधरवड्यात तोच निरोप.

मग ११ जुलै २०२५ आला. त्या दिवशी युनेस्कोने खरोखरच जाहीर केलं. पॅरिसच्या बैठकीत शिवछत्रपतींच्या काळाशी जोडलेले बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. भारताचं चव्वेचाळिसावं स्थळ. काकांनी आयुष्यात प्रथमच ग्रुपवर पुढाकार घेऊन संदेश टाकला, बाराही नावं क्रमाने. आणि त्यांच्याआधी दहा मिनिटं कुणीतरी दुसराच निरोप टाकून बसलं होतं: "अभिमानाचा क्षण! आपल्या रायगड जिल्ह्यातील खांदेश्वर आता जागतिक वारसा!" यादीत होतं खांदेरी. वाचणाऱ्याने घाईत खांदेश्वर वाचलं होतं.

पुढचा अर्धा तास काय वर्णावा. अभिनंदनाचे फुलांचे हार, तिरंगे, देवळाच्या तलावाचा संध्याकाळचा फोटो. एकाने फ्लॅटचे भाव किती वाढतील ते लिहिलं. दुसऱ्याने विमानतळाची आठवण करून दिली: विमानतळ इकडे, वारसा इकडे, आता मेट्रोसाठी निवेदन द्या. स्टेशनचं नाव बदलून 'खांदेश्वर जागतिक वारसा' करावं अशी सूचना आली आणि तिला अनुमोदनही मिळालं. त्या धबधब्यात काकांचा संदेश उतरला. "खांदेरी. अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रातलं बेट. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तटबंदी सुरू केली, इंग्रजांनी आणि सिद्दीने विरोध केला, जमलं नाही. खांदेश्वर यादीत नाही."

ग्रुप सुन्न झाला. मग एकजण म्हणाला, "काका, आज आनंदाचा दिवस आहे." दुसरा म्हणाला, "तुम्हाला आपल्या भागाचा अभिमान नाही का?" हा मतविषयक प्रश्न असल्यामुळे काकांनी उत्तर दिलं नाही. कर्नाळा का घेतला नाही, असा तिसऱ्याचा सवाल आला. त्यावर काकांनी बाराही नावं पुन्हा टाकली. रात्री साडेदहाला ॲडमिनने, म्हणजे त्या कुंड्यावाल्याने, काकांना ग्रुपमधून काढलं.

काकांना याचंही फारसं काही वाटलं नाही. काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हाला काढलंय." काका म्हणाले, "१९७१ मध्ये तैवानलाही काढलं. तेव्हा तो सुरक्षा परिषदेत कायम सदस्य होता." आणि झोपले.

अडचण ग्रुपची झाली. काकांना काढल्यापासून तिथे एक भूकंप येऊन गेला जो कुठे झालाच नाही, दोन नोटा बंद झाल्या आणि पनवेल महापालिकेने म्हणे खांदेश्वरचं पाणी आठ दिवस तोडलं. त्या आठ दिवसांच्या धास्तीने लोकांनी पिंपं भरून ठेवली. पाणी रोजच्यासारखं आलं आणि पिंपांत डास झाले. पूर्वी असा निरोप आला की दोन मिनिटांत काकांची ओळ यायची, "महापालिका स्थापना १ ऑक्टोबर २०१६. अशी सूचना प्रसिद्ध नाही." त्या दोन वाक्यांतलं पहिलं कुणालाच नको होतं. पण पहिलं बंद केलं की दुसरंही बंद होतं, हे ॲडमिनच्या ध्यानात आलं नव्हतं.

मला विचाराल तर माणूस म्हणून काका अत्यंत कंटाळवाणे आहेत. त्यांच्यासोबत बेलापूरपर्यंत जाण्यापेक्षा मी दरवाज्यात लटकून जाईन. २०२५ च्या डिसेंबरात, २५ तारखेला, नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून पहिली प्रवासी विमानं उडाली. आम्ही सगळे गच्चीवर, पोरं ओरडताहेत, कुणाचे डोळे पाणावले, कुणी विस्थापित गावांची नावं घेऊन त्यांच्यासाठी लढलेल्या दि. बा. पाटलांची आठवण काढतोय. काका वर बघत म्हणाले, "अँडोरा, लिश्टेनस्टाइन, मोनॅको, सॅन मारिनो, व्हॅटिकन. पाच देशांना स्वतःचा विमानतळ नाही." क्षणभर थांबले आणि पुढे म्हणाले, "खांदेश्वरला आहे." गच्चीवरच्या त्या गोंगाटात खरी असल्याची खात्री देता येईल अशी तीच एक गोष्ट होती. विमानतळाने दुधाचे भाव उतरतील असंही त्याच गच्चीवर एकजण सांगत होता.

असा एक इसम तुमच्याही सोसायटीत असेल. तुमच्याही ॲडमिनने त्याला ग्रुपमधून काढलं असेल तर परत घ्यायला सांगा, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी सांगा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते.